पिठातला फोन

नारीनमध्ये मार्च म्हणजे
अर्धा बर्फ, अर्धा चिखल,
शाळेला कुलूप
आणि दोन खोल्यांत तीन मुलं, नऊ दिवस.

पहिल्याच सकाळी मी फोन पिशवीत गुंडाळला
आणि कोपरापर्यंत हात घालून
पिठाच्या डब्यात तळाशी पुरला.
एर्मेक भिंतीकडे तोंड करून पडला तो दुपारपर्यंत,
जणू मी त्याचा घोडा विकून आले होते.
कुन्दुझनं दहाला विचारलं, आता काय करायचं?
सव्वादहाला विचारलं.
दहा वीसला विचारलं तेव्हा मी म्हटलं, कंटाळा.
तिला वाटलं, खेळाचं नाव आहे.
म्हणाली, किती जण लागतात?

विजेच्या बिलामागे मी यादी केली होती:
नमदा शिवणं, कोडी, शेवया लाटणं.
साडेअकरापर्यंत यादी संपली,
आणि चोल्पोननं शेवई नाकात घातली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे सापारकाका
एक मळकी थैली ठेवून गेले.
मेंढीच्या घोट्याची हाडं, चाळीसेक, काही लाल रंगवलेली.
काहीच बोलले नाहीत. बूटही काढले नाहीत.
एक हाड वर उडवायचं, ते खाली येईतो बाकीची गोळा करायची,
एवढाच खेळ. पण भांडणं त्यात फार मावतात.
एर्मेक भिंतीकडूनच म्हणाला, तिनं दोनदा उचललं.
मग कुशीवर वळला.
मग उठून बसला, नियम सांगायला.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
तिसऱ्या दिवशी गोधडीचा तंबू, तंबूत चहा, चहा गोधडीवर.
मी ओरडले. नंतर वाईट वाटलं. नंतर पुन्हा ओरडले.
त्या रात्री मुलं झोपल्यावर
मी पिठात हात घातला
आणि फोन घेऊन गोठ्यात गेले.
कुणाचं लग्न, कुणाचे पडदे,
अल्माटीतल्या कुण्या बाईचं चकचकीत स्वयंपाकघर,
पाऊण तास.
गाय रवंथ करीत होती. मीही तेच करत होते.

सकाळी कुन्दुझ धावत आली,
आई, गाईला हात उमटलाय.
तांबड्या पाठीवर पांढरा पंजा,
पाची बोटं स्वच्छ.
एर्मेकनं गाईकडे पाहिलं, मग डब्याकडे,
मग माझ्याकडे.
बोलला काही नाही,
पण सुट्टीत पहिल्यांदा हसला.

त्यानंतर दिवस कसा गेला मला कळलं नाही.
दोरीनं प्रत्येकाचा पंजा मोजला गेला,
माझा दोनदा.
सापारकाकांना न्यायाधीश म्हणून बोलावलं,
त्यांचाही मोजला.
चोल्पोन लाटणं घेऊन गाईपाशी पहाऱ्यावर,
धार काढायला मला परवानगी मागावी लागली.
शिक्षा झाली: हाडांचे सात डाव,
आणि हरायचं खरंखुरं, लाडानं नाही.
लाडाची गरज पडली नाही.

सहाव्या डावाला पीठ वाजू लागलं.
सगळेच थांबले. डब्यातून
खोल, गुदमरलेला आवाज.
मी फोन वर काढला, फुंकला,
पदराला पुसला, तर काचेत ते,
कझानमधल्या कुठल्याशा बारा मजली सांगाड्याखाली,
डोक्यावर शिरस्त्राण.
चोल्पोन डोळे मोठे करून म्हणाली,
बाबांना पिठात का ठेवलंस?

कुणाला काही सुचेना.
मग एर्मेकनं फोन हातातून घेतला,
गोठ्यात नेला,
गाय दाखवली, पंजा दाखवला, सगळा खटला सांगितला.
ते तिकडे हसत होते, मध्येच चित्र अडकत होतं.
शेवटी त्यांनी स्वतःचा हात काचेला लावला,
सिमेंटनं पांढरा,
भेगांमध्येही पांढरा.
एर्मेकनं दोरी काढली.
नीट, हळूहळू, एकेक बोट मोजलं.
म्हणाला, तुमचा नाही.
तुम्ही सुटलात.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
बहुधा नेटवर्क.

फोन पुन्हा डब्यात गेला,
या वेळी वरच, पातळ पिठाखाली,
वाजला तर चटकन मिळेल असा.
सुट्टीचे अजून पाच दिवस आहेत.
माझा सातवा डाव बाकी आहे.